विहीर क्रमांक सात

मी फक्त टॉर्च धरायचो.
डॉक्टर अकेयो म्हणायच्या, आ कर,
पोरं आ करायची,
आणि मी उजेड दाढेपर्यंत न्यायचो.
तीनशे बारा तोंडं, अठरा विहिरी.
बाटल्यांची पेटी मोटरसायकलला रबरानं बांधलेली;
तिला धक्का लागू नये म्हणून दरीतला तो रस्ता
मी अंडी घेऊन निघाल्यासारखा चालवला.

आमचे दात तपकिरी.
चहानं म्हणा, शापानं म्हणा,
नाकुरूच्या बाजारात तोंड बघून गाव ओळखतात.
आमच्या लग्नांचे फोटो पाहा,
सगळे ओठ मिटून उभे,
जणू आत कुणी वारलंय.

निघताना बाई म्हणाल्या, निकाल आला की कळवते, किमुताय.
खोटं बोलणारी बाई नव्हे ती.
त्याच महिन्यात माझी चेरोप जन्मली.

चेरोप रांगली तेव्हा म्हणे निबंध लिहून झाला.
ती चालली तेव्हा तो परत आला, दुरुस्त्यांसाठी.
ती शाळेत गेली तेव्हा छापला गेला.
दुधाचे दात पडले, नवे आले,
आले तेच तपकिरी.

सायबर कॅफेत कर्जाचा फॉर्म छापायला गेलो होतो.
सहज बाईंचं नाव टाकलं.
निबंध सापडला. गोषवारा फुकट:
'काही स्रोतांत फ्लोराइडचं प्रमाण धोकादायक.'
काही म्हणजे कुठल्या?
ते कुलपाच्या आत. किल्ली एकोणचाळीस डॉलर.
माझी आठवड्याची कमाई, पेट्रोल न वजा करता.
पाणी आमचं, दात आमचे,
टॉर्चचे सेलसुद्धा मीच घातले होते.

बाईंना लिहिलं. त्याच रात्री फाइल आली,
आणि दोन ओळी:
मला वाटलं आरोग्य खात्यानं सांगितलं असेल.
माफ कर म्हणायलाही उशीर झाला.

पान चौदा. तक्ता.
विहिरींना नावं नव्हती, नुसते अक्षांश-रेखांश.
पण गिऱ्हाईक पोचवून पोट भरणाऱ्याला
जागा ओळखायला नाव लागत नाही.
सात नंबर, नऊ पूर्णांक चार:
उंबराखालची, आईची.
अकरा नंबर, शून्य पूर्णांक आठ:
ती लांबची, बकऱ्यांच्या वाड्यामागची,
जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.
चेरोपच्या वयाएवढी वर्षं
हे कुणाला तरी माहीत होतं.

मग शेवटचं पान, आभार.
'वाहनसाहाय्य: मुताई के.'
हा कोण, मला माहीत नाही.

नंबरप्लेटवाल्याकडून लाल रंग आणला.
सातच्या झाकणावर आकडा लिहिला, हाताएवढा,
अकरावर हिरवा.
चीफ आले. कुणाच्या परवानगीनं?
मी पान चौदा पुढे केलं.
त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.
मग म्हणाले, रंग उरलाय का?

सगळं जमलं असं नाही.
आई अजून सातचंच पिते.
म्हणते, सत्तर वर्षं प्याले, आता अकराला काय सांगू?
तिचा गुडघा वाळल्या कातड्यासारखा वाकत नाही.
पण पाळण्यातल्या पोरांचं दूध आता
अकराच्या पाण्यात कालवतात.
त्यांचे दात कसे येतील, ते सहा वर्षांनी विचारा.

परवा बाईंचा निरोप आला.
विद्यापीठानं फॉर्म पाठवलाय:
आपल्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला?
दोनशे शब्दांत. पुराव्यासह.
एखादा फोटो आहे का, किमुताय?

अकराजवळ उभे राहिलो, मी आणि चेरोप.
फोन धरणारा पोरगा म्हणाला, हसा.
तिनं ओठ मिटले. मी म्हटलं, राहू दे तुझे.
आणि मीच आ केला, दाढेपर्यंत.
दाखवायचे दात हेच,
खायचेही हेच.

फोटो पाठवलाय, बाई.
खाली नाव लिहाल तर
किमुताय.
'कि'पासून.